देवपूरचं निळं दार

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. एकदा सांगायला लागले की मला मध्ये थांबता येत नाही. आणि ही गोष्ट अशी आहे की ऐकणाऱ्याला हसू फुटतं आणि सांगणारीला घाम! पन्नाशीच्या बाईने एवढा घोळ घालावा का? मी घातला. तोही रविवारी, इस्त्रीची साडी नेसून, एस.टी.चं तिकीट काढून. बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून निदान मूर्खपणा तरी अर्ध्या किमतीत झाला.

झालं काय, आमच्या जळगावच्या कॉलनीतल्या बायकांचा हळदीकुंकवाचा एक ग्रुप आहे मोबाइलवर. त्यावर कुणीतरी एक दुवा पाठवला. धुळ्याच्या काही हौशी मुलामुलींनी इंटरनेटवर गुप्तलिपीचं कोडं मांडलं होतं, चक्क मराठीत. एक इशारा सुटला की पुढचं पान उघडायचं. शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाचच्या आत जे शेवटपर्यंत पोहोचतील, त्यांची नावं त्या पानावर लागणार. बक्षीस वगैरे काही नाही. फक्त नाव.

तुम्ही म्हणाल, नावात काय एवढं? अहो, माझं नाव आजवर फक्त लग्नपत्रिकेत छापून आलं. गॅसचं कनेक्शन यांच्या नावावर, घर यांच्या नावावर. बारावी झाले आणि लग्न झालं, त्यामुळे कुठल्या गुणवत्ता यादीत वगैरे यायचा प्रश्नच आला नाही. मी ठरवलं, त्या पानावर ‘सुमन’ लागलंच पाहिजे.

पहिला इशारा सोपा होता. प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या पुढचं अक्षर लिहिलेलं. ‘खयव’ म्हणजे ‘कमल’. क चा ख, म चा य, ल चा व. मला हे सापडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या! कुकरची शिट्टी झाली, तीसुद्धा मला शाबासकीच वाटली.

मग काय, डोक्यात तेच. यांना दुकानातून मीठ आणि तूप आणायला सांगायचं होतं, मी घाईत मेसेज केला, ‘यीड, थूफ’. आमचे हे ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. सरळ माणूस. त्यांनी मोबाइल तसाच दुकानदारापुढे धरला. शेटजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, “भाऊसाहेब, हे मेडिकलमध्ये मिळेल.”

आणि हे गेले की हो मेडिकलमध्ये!

“सुमन,” घरी येऊन रिकामी पिशवी टेबलावर ठेवत हे म्हणाले, “एक तर तू ते कोडं सोड, नाहीतर मला सोड.”

“आता शेवटचाच राहिलाय हो इशारा!”

“मग सोडव लवकर. बिनमिठाचं वरण किती दिवस खायचं?”

माझी पद्धत अशी की पान उघडलं की लगेच त्याचा स्क्रीनशॉट काढायचा आणि नेट बंद करून निवांत वाचत बसायचं. नेटपॅक वाचतो. शेवटच्या इशाऱ्याचाही मी असाच फोटो काढला. त्यात नुसती उलटी अक्षरं होती. ‘रदा ळंनि’. उलटं वाचा... ‘निळं दार’! असं करत करत शनिवारी दुपारी मी सगळा मजकूर लावला. तो असा होता:

‘देवपुरात या. निळं दार शोधा. उजवीकडे तुळस, डावीकडे झोपाळा. आत या. जे समोर येईल त्याला नाही म्हणू नका. उत्तर घरची माणसं सांगतील. कुणाला सांगू नका.’

आता मला सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे? देवपूर म्हणजे धुळ्यात, पांझरा नदीच्या पलीकडे. कोडं मांडणारी मुलं धुळ्याची. म्हणजे त्यांनी तिथल्या एखाद्या घरी उत्तर ठेवलेलं असणार. ‘या’ म्हटलंय तर जायला नको?

यांना मी सांगितलं, “उद्या धुळ्याला जाऊन येते.”

“कोणाकडे?”

“ते सांगायचं नाही.”

यांनी रिकामी पिशवी माझ्या हातात दिली. “येताना मीठ आण.”

तर रविवारी सकाळची एस.टी. धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मी मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली, जणू आत सरकारी गुपित आहे. धुळ्याला उतरून रिक्षा केली, पूल ओलांडला आणि देवपुरात एका चौकात उतरले.

देवपुरात निळी दारं किती असतील? मीही मोजली नाहीत, पण रंगवाल्यांकडे दुसरा रंगच नव्हता की काय असं वाटावं इतकी! एका दाराला तुळस होती पण झोपाळा नाही. एकाला झोपाळा होता, पण त्यावर एक कुत्रं झोपलेलं आणि तुळशीच्या जागी मोटारसायकल. उन्हात गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी एका गल्लीच्या टोकाला सापडलं. निळं दार, तुळस, झोपाळा. फक्त तुळस डावीकडे आणि झोपाळा उजवीकडे होता.

पण मी काय आता साधी बाई राहिले होते? गुप्तलिपीतली झाले होते! इशारा उलटा होता ना? मग घरही उलटं वाचायचं! दाराकडे पाठ करून उभं राहिलं की तुळस बरोबर उजवीकडे येते. मी फाटकाजवळ घराकडे पाठ करून उभी राहिले आणि खात्री करून घेतली. “आहाहा, काय डोकं लावलंय पोरांनी!” असं मोठ्याने म्हणाले.

तेवढ्यात मागे दार उघडलं. माझ्याच वयाच्या एक बाई पदराला हात पुसत उभ्या होत्या.

“मी आत येऊ ना?” मी हळूच विचारलं.

“अहो या ना! आम्ही तर वाटच बघत होतो!”

झालं! आता शंकेला जागा उरली का? तुम्हीच सांगा!

“मला कोणी पाठवलं ते मी सांगणार नाही,” मी कानाजवळ जाऊन म्हणाले.

बाई हसल्या. “नका सांगू. आम्हाला माहीत आहे.”

आत दिवाणावर त्यांचे सासरे बसले होते. पांढरी टोपी, कानावर केस. सगळे त्यांना आबा म्हणत. “या माय, बशा,” ते अहिराणीत म्हणाले. “उन्हामा उनात, आधी पानी ल्या.”

पाणी आलं. पाठोपाठ चहा आला, मग पोहे. ‘जे समोर येईल त्याला नाही म्हणू नका.’ मी कशालाच नाही म्हटलं नाही. पण खाता खाता शोध चालूच होता. चहा संपल्यावर बशी उलटी करून पाहिली, मागे काही लिहिलंय का. पोह्यांवरची शेव चमच्याने बाजूला सारून पाहिली. आमच्याकडे शेव म्हणजे पोह्यांच्या वर पोहे झाकण्याइतकी घालतात, त्यामुळे वेळ लागला.

बाई टक लावून बघत होत्या. “बशी स्वच्छ आहे ना?” त्यांनी विचारलं.

“बशी ठीक आहे. पण त्यात काही मिळालं नाही.”

“काय मिळायला हवं होतं?”

मी गूढ हसले. कुणाला सांगायचं नव्हतं ना! त्या उठून आत गेल्या आणि भांडी पुन्हा घासल्याचा आवाज यायला लागला.

मग त्यांची मुलगी बाहेर आली. हर्षदा तिचं नाव. चुणचुणीत पोर, पण चेहरा उतरलेला. मला नमस्कार करून समोर बसली.

“उत्तर कधी मिळेल?” मी थेट मुद्द्यावर आले. पाच वाजायच्या आत संपवायचं होतं मला.

ती गोंधळली. “उत्तर तर तुम्हीच द्यायचं असतं ना, काकू?”

बरोबरच आहे, मी मनात म्हटलं, उत्तर मीच द्यायचं. मुलगी तयारीची आहे. सहजासहजी सांगणार नाही.

“मग मला घर बघू द्या,” मी म्हणाले. “आधी स्वयंपाकघर.”

हे ऐकल्यावर बाईंचा रंगच बदलला. पण मला त्याचं काय! मी फळीसमोर उभी राहिले. स्टीलचे डबे ओळीने लावलेले, प्रत्येकावर कागदाची पट्टी. साखर, तूरडाळ, रवा, शेंगदाणे.

“हे उघडून बघू?”

“बघा ना,” बाई कशाबशा म्हणाल्या.

‘साखर’ लिहिलेला डबा उघडला. आत तूरडाळ! ‘तूरडाळ’ उघडला. आत रवा! ‘रवा’ उघडला. आत शेंगदाणे!

बायांनो, माझ्या अंगावर काटा आला. एकाच्या जागी त्याच्या पुढचा! हीच तर पहिल्या इशाऱ्याची लिपी! आपल्या सगळ्यांच्या घरी डब्यावर एक आणि आत दुसरंच असतं, माझ्या घरी मेथीदाण्याच्या डब्यात सेफ्टी पिना आहेत, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं का? नाही आलं!

“सापडलं!” मी ओरडले. “इथेच आहे सगळं!”

“अहो, ती लेबलं जुनी आहेत हो,” बाई रडवेल्या झाल्या. “पोरगी नीटनेटकी आहे. हे माझंच काम. डबा रिकामा झाला की जे हाताला येईल ते मी ओतते. तिच्यावर नका घेऊ.”

“तिच्यावर कशाला? तुमचंच कौतुक आहे! किती विचार करून ओतलंय!”

बाईंना वाटलं, मी टोमणा मारला. मला वाटलं, त्या नाटक फार छान करतात.

मी पर्समधून पेन काढून डब्यांची पहिली अक्षरं हातावर लिहिली. सा, तू, र, शें. ‘सातूरशें’. असा काही शब्द असतो का? उलटं वाचलं. ‘शेंरतूसा’. हा तर त्याहून नसतो! तेवढ्यात जेवायची पानं मांडली. भरीत, पुऱ्या, कढी, ठेचा, वर शेवेची भाजी.

“लाजू नका माय, आपलंच घर शे,” आबा आग्रह करत होते. “बठ्ठा सयपाक हर्षदानीच करेल शे.”

नाही म्हणायचं नव्हतं. मी सहा पुऱ्या खाल्ल्या. नंतरच्या पुऱ्या मी मोजल्या नाहीत, पण त्यांनी मोजल्या असाव्यात. भरतात बोट फिरवून पाहिलं, देठाखेरीज काही सापडलं नाही. उलट आबा खूश झाले. खाणारं माणूस दिसलं की आमच्याकडे म्हाताऱ्यांना फार बरं वाटतं.

जेवण झाल्यावर बाईंनी माझी ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. अहो, नारळ हातात आल्यावर मी काय केलं असेल? कानाजवळ धरून खळाखळा हलवला. न जाणो, आत चिठ्ठी असली तर!

“पाणी आहे हो आत,” बाई घाबरून म्हणाल्या. “कालच आणलाय.”

मला आता घड्याळ दिसत होतं. चार वाजत आले होते आणि उत्तराचा पत्ता नाही. माझं नाव लागायचं राहतंय की काय, या विचाराने पोटात गोळा आला, शिवाय पुऱ्या होत्याच. पण धीर सोडला नाही. मी हात जोडून म्हणाले, “मला जे पाहिजे ते याच घरात आहे. माझी पूर्ण खात्री पटली. आता तुम्ही फक्त हो म्हणा.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी! आबांनी गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. मी तो उजेडात धरून पाहिला आणि खाल्ला.

“मी काकूंना गच्ची दाखवते,” हर्षदा एकदम उठून म्हणाली.

गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मागे तिने माझा हात धरला.

“काकू, मी पाया पडते, तुम्ही मला पसंत करू नका.”

“काय करू नको?”

“माझं फार्मसीचं शेवटचं वर्ष आहे. लग्नाला माझी ना नाही, पण एवढं वर्ष होऊ दे म्हणून मी महिनाभर सांगतेय. घरात कुणी ऐकत नाही, स्थळ चांगलं आहे म्हणून. आता तुम्हीच भुसावळला जाऊन सांगा, मुलगी आवडली नाही. काहीही सांगा! डबे सांगा!”

“भुसावळला मी कशाला जाऊ? मी जळगावची आहे.”

“म्हणजे... मुलाकडच्या तुम्ही नाहीत?”

“कोणता मुलगा?”

मग तिने सांगितलं. भुसावळचं स्थळ आलं होतं. मध्यस्थाने निरोप दिला होता की मुलाकडची एखादी नात्यातली बाई न कळवता येऊन घर बघून जाईल, कोण ते सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. आठवडाभर हे लोक दारावरच्या भाजीवालीलासुद्धा चहा पाजत होते!

मी मटकन पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसले. बशी आठवली. डबे आठवले. खळखळणारा नारळ आठवला. “आता फक्त हो म्हणा” आठवलं, तेव्हा तर मी डोळेच मिटून घेतले.

“मग तुम्ही आलात कशाला, काकू?”

मी मुकाट्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. तिने उलटी अक्षरं लावत वाचला. वर पाहिलं, परत वाचला. “हा स्क्रीनशॉट आहे. मूळ पान कुठे आहे?”

मी नेट सुरू करून पान उघडून दिलं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि पान वर सरकवलं.

खाली चित्र होतं. देवपूरच्या गल्लीचं चित्र, लहान मुलांच्या पुस्तकात असतं तसं. मध्ये निळं दार. उजवीकडे तुळस, डावीकडे झोपाळा.

“काकू,” हर्षदा म्हणाली, “या दारावर बोट ठेवायचं होतं.”

आणि ती हसायला लागली. आधी तोंडावर ओढणी धरून, मग चादर धरून, मग चादर दोरीवरून खालीच आली. एवढा वेळ रडवेली असलेली ती पोर हसली ना, तेव्हा मला लाज वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं.

“हसू नकोस, पाच वाजताहेत!” मी म्हणाले आणि दारावर बोट ठेवलं. दार उघडलं. आत तिघं जण बसलेले. आजोबांवर बोट ठेवलं, ते म्हणाले, ‘ह’. आईवर ठेवलं, ती म्हणाली, ‘ळ’. मुलगी म्हणाली, ‘झ’.

हर्षदा डोकं लावायला लागली, तिला मी थांबवलं. हे माझं मला येत होतं. मागचं अक्षर घ्यायचं. ह चा स. ळ चा ह. झ चा ज.

‘सहज.’

अख्ख्या देवपुराला पाठ करून उभी राहिले, दुसऱ्याचे डबे उघडले, भरीत चाचपलं, आणि उत्तर काय, तर ‘सहज’! मी ते लिहिलं, नाव आणि फोन नंबर लिहिला आणि बटण दाबलं. पानावर ओळ उमटली. सुमन, जळगाव. हर्षदाने टाळी दिली. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, आणि आधी सांगून ठेवते, तिचा स्क्रीनशॉट काढलाच.

पण खाली जायचं होतं ना! मी म्हटलं, आता खरं सांगायचंच, आणि सांगायचं तर दोघींचंही.

खाली जाऊन आबांसमोर उभी राहिले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाईंनी कपाळावर हात मारला. “म्हणजे मी दुपारभर ती भांडी कशाला घासली?”

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. “दुपारपाईन आम्ही कोना पाहुनचार करी ऱ्हायनूत मंग?” म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

“आबा,” मी म्हणाले, “मी मुलाकडची नाही, पण दिवसभर मुलाकडची म्हणून जेवले. तेवढ्या हक्काने एक सांगू? खरी बाई येईल तेव्हा तिला डबे नका दाखवू. पोरीचं शेवटचं वर्ष आहे, तेवढं आधी सांगा. चांगली माणसं असतील तर थांबतील.”

बाई हर्षदाकडे बघत होत्या. “एवढं होतं तुझ्या मनात?”

“सांगत तर होते, आई.”

“पोर बरोबर सांगी ऱ्हायनी,” आबा डोळे पुसत म्हणाले. “भुसावळवालासशी मी बोलसू. उद्याच.”

आणि बोलले बरं का! भुसावळची मंडळी वर्षभर थांबायला तयार झाली. हर्षदाचा फोन आला होता, आता अभ्यास चालू आहे म्हणाली. बाईंनी डब्यांची लेबलं बदलली, पण नव्या साखरेत आता पोहे आहेत, असंही म्हणाली. ओटीचा नारळ त्यांनी परत घेतला नाही. मी घरी आणला तर यांनी पाहिला आणि विचारलं, “मीठ कुठे आहे?”

आता राहिला शेवट. चार दिवसांनी कोडं मांडणाऱ्या मुलांपैकी एका मुलीचा फोन आला. फार गोड बोलत होती. “सुमनताई, अभिनंदन! आम्ही सगळ्यांना एकच प्रश्न विचारतोय. शेवटच्या इशाऱ्यातलं ते दार सापडायला तुम्हाला किती वेळ लागला? कुणी म्हणतं दहा सेकंद, कुणी म्हणतं पंधरा.”

“मला ना,” मी म्हणाले, “तिथवर पोहोचायलाच अडीच तास लागले. पारोळ्याला बस चहाला थांबली.”